चिल्लरीतल्या जुन्या पेन्या: कशा शोधायच्या, कशा तपासायच्या

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत व्यवहारासाठीची शेवटची पेनी, म्हणजे अमेरिकेचं एक सेंटचं नाणं, पाडली गेली. १७९३ पासून चालत आलेलं हे नाणं बंद करण्याचं कारण सरळ हिशेबाचं होतं. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंट किमतीची एक पेनी तयार करायला ३.६९ सेंट खर्च येत होता. पेनी आजही कायदेशीर चलन आहे, आणि अंदाजे ३०० अब्ज पेन्या लोकांकडे आहेत असं सांगितलं जातं. त्यातल्या कितीतरी बरण्यांत, ड्रॉवरमध्ये आणि गाडीतल्या खणांत पडून आहेत. पण नव्या येणार नाहीत, अनेक दुकानं रोखीचा हिशेब पाच सेंटांच्या पटीत करू लागली आहेत, आणि सुट्या पैशांत हातात येणाऱ्या पेन्या आता कमी कमीच होत जाणार. ज्याला चिल्लरीतून जुन्या पेन्या शोधायची हौस करायची आहे त्याने ती पुढच्या वर्षावर टाकू नये.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून परतलेल्या आजी-आजोबांनी पुण्या-नाशिकच्या घरी सेंटांचा डबा आणून ठेवला असेल, तर त्या घरांसाठीही आहे. सांगायचं मुख्य एवढंच आहे की पेनी तपासण्याला एक क्रम असतो: आधी वर्ष, मग वजन, मग टांकसाळीचं अक्षर, आणि भिंग सगळ्यात शेवटी. बहुतेक नवखे लोक भिंगापासून सुरुवात करतात. मग प्रत्येक ओरखड्यात त्यांना टांकसाळीची लाखमोलाची चूक दिसायला लागते.

टेबलावर काय हवं

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, सोनार वापरतात तसा. ऑनलाइन स्वस्तात मिळतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक चुंबक, मऊ टॉवेल, वही-पेन आणि मान वळवता येणारा एकच दिवा. दिवा एकच हवा, कारण दोन बाजूंनी उजेड पडला की सावल्या मरतात, आणि नाण्यावरचं बारीक काम आपल्याला सावलीमुळेच दिसतं. सुरुवातीला सूक्ष्मदर्शक घेऊ नका. इतकं मोठं करून पाहिलं तर प्रत्येक नाणं सदोष वाटतं.

नाणं कडेने धरायचं, अंगठा आणि तर्जनी यांच्यात. पेनीच्या समोरच्या बाजूला असलेल्या लिंकनच्या चेहऱ्यावर बोट टेकलं की घामातलं मीठ आणि तेल तांब्यावर उतरतं, आणि चकचकीत पेनीवर काही आठवड्यांत बोटाचा ठसा कायमचा उमटतो. टॉवेल पसरून त्यावरच काम करा, म्हणजे हातातून निसटलं तरी नाण्याला मार लागत नाही.

पेन्या आणायच्या कुठून

दुकानातून परत आलेली मोड आणि घरातली बरणी हा पहिला साठा. नंतर बँक. ५० पेन्यांचा एक रोल ५० सेंटांना मिळतो, आणि ५० रोलांची पेटी, म्हणजे २,५०० नाणी, २५ डॉलरला. पाडणी थांबल्यापासून प्रत्येक शाखेत पेन्या मिळतीलच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारलेलं बरं. मागताना 'ग्राहकांनी आणून दिलेले रोल' असं सांगा. हाताने गुंडाळलेल्या रोलात कुणाच्या तरी आजोबांची जुनी बरणी रिकामी झालेली असू शकते. सुपरमार्केटमधल्या नाणी मोजणाऱ्या यंत्राचा 'नाकारलेल्या नाण्यांचा' कप्पाही जाता जाता बघून घ्यावा, कारण पोलादी पेनी आणि परदेशी नाणी यंत्र बाहेर फेकतं.

पहिली चाळणी: मागची बाजू

ढीग उपडा करा आणि सगळ्या पेन्यांची पाठ वर करा. दिसणाऱ्या चित्रावरून काळ लगेच कळतो.

दोन बाजूंना गव्हाच्या दोन ओंब्या असतील तर ती १९०९ ते १९५८ मधली. ही लगेच बाजूला काढायची, कितीही काळी पडलेली असली तरी. खांबांची इमारत म्हणजे वॉशिंग्टनचं लिंकन स्मारक, १९५९ ते २००८. या इमारतीच्या मधल्या खांबांमध्ये बसलेल्या लिंकनचा इवलासा पुतळा आहे. म्हणजे त्या नाण्यावर लिंकन दोन्ही बाजूंना आहे. २००९ साली त्याच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून एकाच वर्षात चार वेगळी चित्रं आली: लाकडी झोपडी, ओंडक्यावर बसून वाचणारा तरुण, इलिनॉयच्या विधानभवनासमोर उभा असलेला वकील आणि अर्धवट बांधलेला कॅपिटॉलचा घुमट. चारही जमवून एका पानावर ठेवल्या की लहान मुलांना फार आवडतं. २०१० पासून ढाल.

मधूनच मेपलच्या पानांची एखादी पेनी निघेल. ती कॅनडाची. आकार तोच असल्यामुळे ती अमेरिकन चिल्लरीत सर्रास मिसळते. कॅनडाने आपली पेनी २०१२ मध्येच पाडणं थांबवलं. ओंब्यांच्याही आधीची, पिसांचा मुकुट घातलेल्या डोक्याची पेनी १८५९ ते १९०९ मधली असते. ती चिल्लरीत मिळाली तर नशीबच म्हणायचं.

दुसरी चाळणी: तांबं की जस्त

स्मारकवाल्या पेन्यांचे वर्षानुसार दोन ढीग करा. १९८१ आणि त्याआधीच्या ९५ टक्के तांब्याच्या आहेत, वजन ३.११ ग्रॅम. १९८३ पासूनच्या जवळजवळ पूर्ण जस्ताच्या, वरून तांब्याचा पातळ मुलामा, वजन २.५ ग्रॅम. तांबं महागल्यामुळे हा बदल झाला. तो नेमका १९८२ च्या मध्येच झाल्यामुळे त्या एका वर्षाच्या पेन्या दोन्ही धातूंत निघाल्या.

काटा जवळ नसेल तर कान वापरा. नाणं टेबलावर काही इंचांवरून सोडा. तांब्याचं खणखणीत वाजतं आणि आवाज क्षणभर रेंगाळतो, जस्ताचं बद्द वाजतं. पंधरा-वीस नाणी टाकून बघितली की पुढे डोळे मिटून ओळखता येतं. चांगल्या स्थितीतलं नाणं मात्र असं टाकू नका, त्याच्यासाठी काटाच.

माझ्या मते नवख्या माणसाला शिकण्यासाठी १९८२ इतकं चांगलं वर्ष नाही. धातू दोन आहेत. टांकसाळी ओळखायच्या दोन खुणा आहेत: अक्षर नसलेली ती फिलाडेल्फियाची, 'डी' अक्षराची ती डेन्व्हरची. त्यातच वर्षाचे आकडेही दोन मापांत आहेत, मोठे आणि लहान. मोठ्या आकड्यांत शेवटच्या इंग्रजी दोनाचा पाय सरळ आडवा असतो, लहान आकड्यांत तो वळणदार असतो. दोन नाणी शेजारी ठेवली की फरक पटकन डोळ्यांत भरतो. एकटं नाणं बघून मात्र सुरुवातीला गोंधळ होणारच.

यातून नेहमीचे सात प्रकार होतात. फिलाडेल्फियाचे चार: मोठे आकडे तांब्यात, मोठे आकडे जस्तात, लहान आकडे तांब्यात, लहान आकडे जस्तात. डेन्व्हरचे तीन: मोठे आकडे तांब्यात, मोठे आकडे जस्तात, लहान आकडे जस्तात. सातही प्रकार चिल्लरीत मिळतात, आणि पूर्ण संच जमवायला एक पैसाही जास्तीचा लागत नाही.

आठवा प्रकार, 'डी' अक्षर, लहान आकडे आणि तांबं, अस्तित्वातच नाही असं सगळे धरून चालले होते. तो पहिल्यांदा २०१६ मध्ये सापडला, आणि अजूनही मोजकेच नग माहीत आहेत. म्हणून १९८२ ची 'डी' आणि लहान आकड्यांची प्रत्येक पेनी काट्यावर ठेवायची. २.५ आलं तर नेहमीची. ३.१ च्या आसपास आलं तर आकडे पुन्हा तपासा, कारण बहुतेक वेळा मोठे आकडे लहान समजले गेलेले असतात. तरीही लहानच ठरले, तर ते नाणं कुणाच्या हातात न देता थेट प्रमाणीकरण संस्थेकडे पाठवायची तयारी करा.

टांकसाळीचं अक्षर

लिंकनच्या बाजूला वर्षाच्या खाली बघा. 'डी' म्हणजे डेन्व्हर, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, काहीच नाही म्हणजे साधारणपणे फिलाडेल्फिया. 'अक्षर नसलेली दुर्मीळ पेनी' या नावाने फिरणारे व्हिडिओ सोडून द्या, अक्षर नसलेल्या पेन्या अब्जावधी आहेत. खरा अपवाद १९२२ चा. त्या वर्षी पेन्या फक्त डेन्व्हरमध्येच पाडल्या गेल्या, म्हणून त्यावर 'डी' हवंच. साचा झिजून आणि बुजून काहींवर ते उमटलंच नाही.

'पी' अक्षर पेनीवर फक्त एकाच वर्षी आलं, २०१७ मध्ये, टांकसाळीला २२५ वर्षं झाली म्हणून. किंमत एक सेंटच, पण संग्रहात हवी. 'एस'ची पेनी व्यवहारासाठी १९५५ पर्यंत निघत होती, मग १९६८ ते १९७४ पुन्हा निघाली. चिल्लरीत 'एस' दिसला की थांबायचं.

ओंब्यांच्या काळातली जी नावं पाठ असावीत ती थोडी आहेत: १९०९-एस व्ही.डी.बी. (४,८४,००० नग), १९१४-डी (सुमारे ११.९ लाख) आणि १९३१-एस (८,६६,०००). व्ही.डी.बी. ही लिंकनची पेनी घडवणारे शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं. १९०९ मध्ये ती पाठीवर अगदी तळाशी ठळक छापली होती. त्यावर टीका झाल्यावर काही दिवसांतच ती काढून टाकली. १९१८ मध्ये ती परत आली, पण या वेळी समोरच्या बाजूला, लिंकनच्या खांद्याच्या कापलेल्या कडेवर, अगदी बारीक.

या एका माहितीवर बनावट नाणं पकडता येतं. १९४४-डी स्वस्त आहे आणि १९१४-डी महाग. म्हणून लबाड लोक १९४४ मधला पहिला चार कोरून त्याचा एक करतात. भिंग घ्या आणि खांद्याच्या तळाशी बघा. १९१४ असं वर्ष असलेल्या नाण्यावर तिथे व्ही.डी.बी. दिसलं तर ते नाणं निश्चित खोटं, कारण १९१४ मध्ये ती अक्षरं तिथे नव्हतीच. शिवाय कोरलेल्या वर्षात नऊ आणि एक यांच्यामधली जागा जास्त रुंद असते. झिजलेल्या नाण्यावर ती अक्षरं पुसली गेलेली असू शकतात, तेव्हा ही जागाच कामाला येते.

१९४३ आणि चुंबक

महायुद्धात तांबं दारूगोळ्याला हवं होतं, म्हणून १९४३ च्या पेन्या पोलादाच्या आणि वर जस्ताचा थर अशा निघाल्या. त्या राखाडी असतात, वजन २.७ ग्रॅमच्या आसपास, आणि चुंबकाला चिकटतात. अशा पेन्या शंभर कोटींहून जास्त पाडल्या गेल्या, म्हणून सापडली तर आनंद माना, पण श्रीमंतीची स्वप्नं नकोत.

स्वप्न पडतं ते तांब्याच्या १९४३ चं. मागच्या वर्षाच्या काही तांब्याच्या चकत्या यंत्रात राहून गेल्या आणि त्यावर १९४३ चा ठसा बसला. असे जेमतेम वीस-पंचवीस नग माहीत आहेत, आणि डेन्व्हरचं एक २०१० मध्ये १७ लाख डॉलरला विकलं गेलं. तुमच्या हातात तांबूस १९४३ आली तर आधी चुंबक लावा. चिकटली तर पोलादावर तांब्याचा मुलामा दिलेली. नाही चिकटली तर वजन करा आणि शेवटच्या तिनाचं शेपूट बघा. खऱ्या पोलादी १९४३ वर ते बाकीच्या आकड्यांच्या रेषेखाली लांब उतरतं. १९४८ मधला आठ अर्धा खरवडून केलेला तीन आखूड आणि जाड राहतो. खरी पोलादी पेनी शेजारी ठेवूनच ही तुलना करा.

आता भिंग: दुहेरी ठसा

इथे थोडा वेळ द्यायला हवा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

नाणी साच्याने पाडतात, आणि तो साचाही एका मूळ ठशावर दाबून तयार होतो. पूर्वी हा दाब एकाहून जास्त वेळा द्यावा लागे. दुसऱ्या वेळी साचा किंचित फिरला तर त्यावर अक्षरं दोनदा उमटतात, आणि त्या साच्यातून निघालेलं प्रत्येक नाणं तसंच दुहेरी येतं. १९५५ ची प्रसिद्ध पेनी अशीच. वर्ष आणि अक्षरं साध्या डोळ्यांनी दोन-दोन दिसतात. अशी वीस हजारांहून जास्त नाणी बाहेर गेली, आणि त्यातली बरीचशी सिगारेटच्या पाकिटांतून लोकांच्या हातात आली. सिगारेट विकणाऱ्या यंत्रात पाव डॉलर टाकायचा, पाकीट २३ सेंटांचं, म्हणून उरलेल्या दोन पेन्या पाकिटाच्या प्लॅस्टिकमध्येच घातलेल्या असत.

नेहमी शोधाव्यात अशा दुहेरी ठशाच्या पेन्या: १९५५, १९७२ आणि १९९५, समोरच्या अक्षरांत, १९८३, पाठीवरच्या सगळ्या अक्षरांत, १९८४, लिंकनच्या कानाच्या पाळीखाली दुसरी पाळी. पाचही फिलाडेल्फियाच्या, म्हणजे वर्षाखाली अक्षर नाही. १९६९-एस सहावी, आणि ती फारच दुर्मीळ. १९९५ ची अजूनही चिल्लरीत सापडू शकते. 'लिबर्टी' आणि 'इन गॉड' या शब्दांवर दिवा तिरका धरून बघा.

खरा दुहेरी ठसा आणि खोटा भास यांतला फरक अक्षराच्या कोपऱ्यात दिसतो. खऱ्यात अक्षराच्या टोकाला खाच असते, जणू दोन टोकं एकमेकांवर थोडी सरकून बसली आहेत, आणि दोन्ही थरांना गोलाई व उंची असते. अक्षर मूळपेक्षा जाड होतं. याउलट, नाणं पाडताना साचा सैल असला तर ठशानंतर तो घसरतो आणि अक्षराची कड चपटी करतो. तिथे सपाट, चमकदार पायरी दिसते, आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं. अशी नाणी ढिगाने असतात, किंमत शून्य. जस्ताच्या पेन्यांत आणखी एक फसवी गोष्ट आहे. ठसा बसताना पातळ मुलामा फाटतो आणि अक्षराभोवती राखाडी रेघ दिसते. ते खालचं जस्त आहे, दुसरं अक्षर नव्हे.

भिंग हातात आहेच तर १९९२ ते २००० च्या पेन्यांच्या पाठीवर 'अमेरिका' शब्दातले ए आणि एम बघून घ्या. १९९२ मध्ये या दोन अक्षरांच्या पायांत स्पष्ट फट असायला हवी. ती नसेल, पाय जवळजवळ चिकटलेले असतील, तर नाणं फार मोलाचं. १९९३ पासून उलट: पाय जवळ असणं हेच नेहमीचं, आणि १९९८, १९९९ व २००० मध्ये फट दिसली तर ती जपून ठेवायची. त्यातली १९९९ सगळ्यात कमी मिळते.

घासू नका

हे मी कळकळीने सांगतो. तांब्याचं भांडं दिसलं की पितांबरी, चिंच, लिंबू-मीठ हे आपल्या घरात आपोआप हातात येतं. नाण्यावर यातलं काहीही चालत नाही. घासल्यावर जो भडक गुलाबी रंग येतो तो जाणकाराला दुरून कळतो, आणि दहा डॉलरचं नाणं पुन्हा एका सेंटाचं होतं. तपकिरी थर हा मळ नसतो, तो तांब्याने स्वतःभोवती धरलेला थर असतो आणि तोच खालच्या धातूला जपतो.

चिकट मळ असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात तासभर ठेवा आणि न घासता, मऊ कापडावर टिपून वाळवा. टेपचा गोंद किंवा हिरवट चिकट थर असेल तर शुद्ध असिटोन, काचेच्या वाटीत, खिडकी उघडून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश काढायचं सुगंधी द्रव नको, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. जस्ताच्या पेनीवर बारीक फुगे आले असतील तर आतलं जस्त गंजतंय, आणि त्यावर इलाज नाही.

साठवायला कागदी पुठ्ठ्याच्या चौकटी मिळतात, मधे पारदर्शक पॉलिस्टरची खिडकी असलेल्या. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं टाळा, तो हिरवा चिकट थर त्यांच्यातूनच येतो. रबरबँडही नको, रबरातल्या गंधकाने तांबं काळं पडतं. दमट हवेत, म्हणजे कोकणात किंवा मुंबईत तर हमखास, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि अधूनमधून बदला. चौकटीवर वर्ष, अक्षर, वजन आणि कुठे सापडली ते लिहा. नाणं आत घालण्याआधी लिहायचं, वरून पेन दाबलं तर नाण्यावर वळ उठतो.

किंमत, आणि भारतात नेताना

ओंब्यांची साधी, झिजलेली पेनी काही सेंटांना जाते. हे मान्य करून ढीग तपासला तर मजा टिकते. किंमत बघताना विक्रेत्याने मागितलेला आकडा बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांचा बघा. पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाणं तपासून, दर्जा ठरवून सीलबंद करून देतात. पण त्यांचं शुल्क आणि टपालखर्च साध्या नाण्याच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून वर सांगितलेल्या दुर्मीळ प्रकारांपलीकडे त्या वाटेला जाऊ नका.

१९८२ पूर्वीच्या पेनीत तांबं एका सेंटापेक्षा जास्त किमतीचं असतं. म्हणून त्या वितळवणं आणि मोठ्या प्रमाणावर देशाबाहेर नेणं यावर अमेरिकेत २००६ च्या डिसेंबरपासून बंदी आहे. प्रवासात स्वतःजवळ ५ डॉलरपर्यंतच्या पेन्या आणि निकेल (पाच सेंटांची नाणी) नेता येतात, आणि निव्वळ संग्रहाच्या हौसेसाठी असतील तर २५ डॉलरपर्यंत. पुतण्यांना आणि भाच्यांना वाटायला १९८२ चे सात प्रकार आणि २००९ चे चार, एवढं न्यायला काहीच अडचण नाही.

तपासून झालेल्या पेन्या परत करताना ज्या शाखेतून आणल्या तिथे देऊ नका, नाहीतर तेच रोल पुन्हा तुमच्याच हातात येतील. आणायची शाखा वेगळी ठेवा, द्यायची वेगळी, आणि रोलच्या कागदावर पेन्सिलीने एक छोटी खूण करा. खुणेचा रोल परत दिसला की त्या भागातली चिल्लर तुमची बघून झाली आहे. पुढचे रोल शेजारच्या गावातून आणा.